वीस मिनिटांवर लिस्बन

आमच्या मस्कतमधल्या घुब्र्याच्या बिल्डिंगमध्ये वेळ मोजायचं माप वेगळं आहे. डाळ शिजायला किती वेळ? एक माद्रिद-लिस्बन. रुवीच्या बाजारात पार्किंग शोधायला? दोन माद्रिद-लिस्बन, आणि नशीब फुटकं असेल तर तीन! हे माप समोरच्या फ्लॅटमधल्या परबकाकांचं. मूळचे वेंगुर्ल्याचे, इथे एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, आणि युरोपात आजवर पाऊल न टाकलेले.

त्यांचा मुलगा निखिल माद्रिदला, मुलगी शलाका लिस्बनला. काकांनी एकदा मोबाईलवर विमानाच्या वेळा पाहिल्या. माद्रिदहून दहाला सुटतं, लिस्बनला दहा वीसला उतरतं. झालं! लिफ्टमध्ये सापडेल त्याला धरून सांगायला लागले, "वीस मिन्टां! यल्ला, चल म्हणान बसलो की खलास!"

"अहो काका, पाचशे किलोमीटर आहे ते! दोन्हीकडच्या घड्याळात तासाचा फरक आहे," मी म्हटलं.

"शेजाराक शेजार लागून देश. घड्याळ कित्याक बदलतला?"

"मग परत येताना दोन तास वीस मिनिटं का दाखवतात हो?"

काका क्षणभरही अडखळले नाहीत. "गो बाय, बहिणीच्या घरसून पाय लवकर सुटता काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही हसायचो खरे, पण काकांचा सगळा जीव त्या वीस मिनिटांत अडकला होता. काकी गेल्या तेव्हा शलाका वेळेत पोचली नाही. निखिल रागाच्या भरात तिला नको ते बोलला, आणि तेव्हापासून भावाबहिणीत अबोला. काका मात्र दर फोनला निखिलच्या मागे लागायचे, "वीस मिन्टांचा तर काम, बाबा. भाऊबीजेक जावन ये." तो नुसतं "बघू" म्हणायचा.

यंदा भाऊबीजेच्या दुपारी आमचं दार धडाधडा वाजलं. "गेलो गो, गेलो! माझो झिल निखिल इमानात बसलो!" काका दारातच नाचत होते. मी पिठाच्या हातांनीच त्यांच्या मागोमाग समोरच्या फ्लॅटमध्ये धावले. मग काय विचारता! काकांनी नवा शर्ट चढवला, रिमोट घेऊन एसी सोळावर नेला, तिसावर आणला, परत सोळावर नेला. मी त्याप्रमाणे एकदा शाल पांघरायचे, एकदा काढून ठेवायचे.

संध्याकाळी एकदाचा व्हिडिओ कॉल आला. शलाकाच्या हातात निरांजन, निखिलच्या कपाळाला टिळा, आणि दोघांचे डोळे रडून लाल.

"काय रे, किती वेळ लागलो?" काका ओरडलेच.

निखिलनं बहिणीकडे पाहिलं आणि तो हसला. "वीस मिनिटं, बाबा."

"आयकलंस?" काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या डब्यातले दोन लाडू न विचारता खाल्ले.

फोन बंद झाल्यावर काका हळूच म्हणाले, "लबाड खंयचो. सवा तास तरी लागता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इतकी वर्सां मस्कतात बसान गावाक फोन करतंय. घड्याळातलो फरक माका कळाचो नाय? पण खरा अंतर सांगितला असता तर तेका जड झाला असता."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि मस्कतहून तिकडे किती वेळ लागतो?"

"ता मी कधी बघूक नाय," काका म्हणाले, आणि मोबाईलचा बंद झालेला स्क्रीन नव्या शर्टाला पुसत बसले.

"आणा इकडे तो मोबाईल," मी म्हटलं. "आत्ता बघू."