ताटातला ब्रश

शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करू नये, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. फराळाचं ताट आलं की आपल्या घरचं काहीतरी त्यात घालून पाठवायचं. काहीच नसलं तर चमचाभर साखर. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दामूकाका म्हात्रे त्यात ब्रश घालतात. दात घासायचा ब्रश. माणशी एक.

हे मी हसत सांगत नाहीये. सात वर्षांपूर्वी आम्ही इंद्रलोकच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. त्या पहिल्या दिवाळीत माझ्या बायकोने, सुजाताने, ऑफिस सांभाळून केलेला फराळ समोर दिला. तासाभरात ताट परत आलं. घासूनपुसून लख्ख, वर क्रोशाचा रुमाल जसाच्या तसा आणि खाली तीन ब्रश. एक सुजाताला, एक मला, एक माझ्या आईला. आईच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. मी तसं सांगायला गेलो तर काका माझ्यावरच खेकसले, "तो कवळीचा हाय! नीट बघ की!"

"म्हणजे आपली तोंडं घाण आहेत, असं म्हणायचंय का त्यांना?" सुजाता म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. तिथेच चुकलं. तेव्हाच चार शब्द सुनावायला हवे होते.

काका मूळचे खाडीकाठच्या मोरवा गावचे. घरच्यांची मिठागरं होती. काका मात्र दाताच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये शिरले आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवून निवृत्त झाले. त्यामुळे माणूस भेटला की तुम्ही-आम्ही चेहरा बघतो, हे तोंडात बघतात. लिफ्टमध्ये जांभई द्यायची सोय नाही. "वरची डावी दाढ. भरून घे," असा निकाल चौथ्या मजल्यापर्यंत ऐकवला जातो. मग लिफ्टमध्ये सोबत कोण आहे, याची पर्वा नाही.

सणासुदीला तर त्यांच्या अंगात येतं. सोसायटीच्या गणपतीत आरती संपली, प्रसाद वाटून झाला, की काकांनी माइक घेतलाच. "मोदक खाल्ला, आता चुळा भरा!" संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तर तो हातात फिरवून बघणार आणि देणाऱ्याला सुनावणार, "नारळ फोडायला दगड हाय, तिळाची वडी फोडायला दात न्हाय." लाडवाविषयी त्यांचं मत असं, की चिकटून बसणारा लाडू आणि चिकटून बसणारा पाहुणा, दोघंही नुकसान केल्याशिवाय जात नाहीत. हे त्यांनी आमच्या घरी, माझ्या साडूसमोर सांगितलं. साडू तेव्हा लाडूच खात होता आणि आठवडाभर मुक्कामाला आला होता.

शेजारच्या जागृतीबेननी एका वर्षातच हात टेकले. "भाईसाब, मैंने घूघरा भेजा, उन्होंने ब्रश भेजा! हम क्या बिना ब्रश किये बैठे हैं?" त्यांचं घूघऱ्यांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचं, ताट बंद झालं. मग एकेक करत मजल्यावरच्या सगळ्यांची बंद झाली. आमचं तेवढं जात राहिलं, तेही सुजाताच्या हट्टामुळे.

या माणसासमोर एक वाक्य मात्र चुकूनही उच्चारायचं नाही. 'दिवाळीनंतर बघू.' यंदा माझ्या तोंडून ते निघून गेलं.

धनत्रयोदशीपासून माझी दाढ ठणकत होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी खाली कंदील लावायला सगळी बिल्डिंग जमलेली. काकांनी लांबूनच ओळखलं.

"गाल सुजलाय तुजा. डॉक्टरकडं गेलास?"

"दिवाळीनंतर बघू, काका."

झालं! "दिवाळीनंतर? दिवाळीनंतर काय सोन्याची दाढ उगवनार हाय तुला? एवढा मोठा सायेब झालास, अक्कलदाढ आली, अक्कल न्हाय आली!" वॉचमन हसला. जागृतीबेननी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. बावन्नाव्या वर्षी, ज्याच्या हाताखाली चौदा माणसं काम करतात अशा मला, भर चौकात शाळेतल्या पोरासारखं झापलं होतं. दाढेपेक्षा कानशिलं जास्त ठणकायला लागली. वर येऊन मी जाहीर केलं की यंदा समोर ताट जाणार नाही.

"सणाचं ताट कुणी अडवतं का?" सुजाता म्हणाली, आणि पाडव्याला दुपारी मी अंघोळीला गेल्याचं बघून ताट देऊन आली.

ते परत आलं. तीन ब्रश. त्यातल्या एकाला लवंगांची पुडी रबराने बांधलेली आणि तिच्यावर माझं नाव. माझं डोकंच फिरलं. ब्रश मुठीत धरून मी तसाच समोर गेलो. सात वर्षांचं सगळं आज एकदम काढायचं, असं ठरवूनच.

दार उघडंच होतं. काका जमिनीवर बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होते.

"काय चाललंय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमची चकली. कुटतोय."

"चकली कुटायची असते?"

"तिला चावत न्हाय," काका म्हणाले, आणि भिंतीकडे मान वळवली.

भिंतीला काकींचा फोटो होता. त्या आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. फोटोखाली स्टुलावर एक वाटी. तीत कुटलेली शंकरपाळी आणि लाडवाचा भुगा. वाटीशेजारी प्लास्टरचा, पिवळा पडलेला एक जबडा.

"हिचं माप," काका म्हणाले. "दिवाळी आली की लॅबमधी सगळ्यांना घाई. फराळ खायला दात पायजेत. हिचं माप मी घेतलं, म्हटलं, लोकांचं उरकतो, तुजी कवळी दिवाळीनंतर. ती म्हनायची, मला काय घाई हाय, मी कुटून खाईन. पाच दिवाळ्या तशाच गेल्या. मंग ती गेली."

खलबत्ता पुन्हा सुरू झाला. खरं सांगतो, मला स्वतःचीच लाज वाटली. तरी तोंडातून निघालं, "आणि हे ब्रश?"

"मंग ताट रिकामं देऊ? ती असताना करंज्या भरून जायचं. मला करंजी येत न्हाय. दातांचंच काय ते कळतं मला." मग त्यांचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. चेहरा एकदम उतरला. "का रे? रंग न्हाय आवडला?"

"आवडला," मी म्हटलं, आणि ब्रश खिशात घातले. "काका, दाढ फार दुखतेय."

"ठाऊक हाय मला! कवाचा सांगतोय!" ते गुडघ्यांवर हात टेकत उठले. "चल. माजा वळखीचा डॉक्टर हाय, दवाखान्याच्या वरच राहतो. खाली येऊन उघडंल."

"आज पाडवा आहे, काका."

"मंग?"

त्यांनी खुंटीवरचा शर्ट चढवला, कुटलेली चकली वाटीत ओतली आणि वाटी फोटोच्या आणखी जवळ सरकवली.

"तू खा सावकाश," ते फोटोला म्हणाले. "याला आजच नेतोय."