विनूकाकांचं प्राग

आमच्या प्रभादेवीत सकाळी लोक कुत्री फिरवायला नेतात. विनूकाका प्रधान बॅग फिरवायला न्यायचे.

निळ्या रंगाची, चाकांची, चांगली कमरेपर्यंत येणारी बॅग. तीही रिकामी नव्हे. आत त्यांची जुनी इस्त्री, माझ्याकडून मागून नेलेला वरवंटा आणि वजन नीट भरावं म्हणून रद्दीचे गठ्ठे. ती जिन्यावरून धाडधाड उतरायला लागली की आमच्या मजल्यावर कुणाला गजर लावायची गरज उरायची नाही. मग फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवरून खडखडाट करत काका पार समुद्रापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे.

"काका, हे कशासाठी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"प्रागचे जुने रस्ते सगळे दगडी आहेत, मनू. चिरे बसवलेले. तिथे चाक मोडलं तर बोंब. गाफील राहून चालत नाही."

'गाफील राहून चालत नाही' हे काकांचं पालुपद. दूध उतू गेलं तरी तेच आणि पंतप्रधान बदलले तरी तेच. काही दिवसांनी गोखले रोडवर त्या बॅगेचं एक चाक खरोखरच निखळलं. काका ते हातात घेऊन माझ्या दारात उभे. मला वाटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटलं असेल. पण चेहरा असा, की नातू झाल्याची बातमी द्यायला आलेत.

"बघ! इथे मोडलं म्हणून बरं. तिथे मोडलं असतं तर?"

नवं चाक बसवून काका पुन्हा रस्त्यावर. फक्त यावेळी त्यांनी वाट बदलली आणि सिद्धिविनायकाजवळून गेले. तिथल्या बंदोबस्तात रोज सकाळी तीच मोठी बॅग ओढत जाणारा आणि न थांबता तसाच परत येणारा माणूस कुणाच्या नजरेतून सुटणार? हवालदाराने बाजूला घेतलं. बॅग उघडली. आधी इस्त्री निघाली, मग वरवंटा.

"काका, हे काय आहे?"

"प्रागची तयारी."

"हे कुठे आलं?"

"युरोपात."

हवालदाराने वरवंटा हातात घेऊन थोडा विचार केला. "तिकडे मिक्सर नसतो काय?" मग त्याने बॅग बंद करून दिली आणि अगदी मायेने सांगितलं, "घरी कोण असेल त्यांना सांगून निघत जा, काका."

घरी कोणी नव्हतं. काकांनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की ते "राहून गेलं" म्हणायचे. दूध आणायचं राहून गेलं, तशा आवाजात. आईवडील गेल्यावर त्या दोन खोल्यांत ते एकटेच. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे ते मला मनू म्हणणार, माझ्या नवऱ्याला, समीरला, 'जावईबापू' म्हणणार आणि रविवारी आमच्याकडे मासे झाले तर वाटी घेऊन येणार, एवढं नातं आपोआप तयार झालं होतं.

पण प्रागच का? लंडन, पॅरिस सोडून हे कुठून निघालं? तर काका आयुष्यभर फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट. ती कंपनी परदेशातून यंत्रं मागवायची आणि त्यातली बरीचशी प्रागहून यायची. दर वर्षी तिकडून एक कॅलेंडर यायचं. त्यावर नदी, नदीवर दगडी पूल, पुलापलीकडे टेकडीवर किल्ला. ते कॅलेंडर साहेबाच्या केबिनमध्ये लागायचं. वर्ष संपलं की काका घरी न्यायचे.

"सगळी नोकरी त्या गावाला पत्रं टाईप करण्यात गेली," काका म्हणायचे. "त्या गावाने एकदाही 'या' म्हटलं नाही. शेवटी म्हटलं, आपणच जाऊ."

दादरच्या एका टूर कंपनीची प्राग आणि आसपासची सहल निघाली. काकांनी नाव घातलं आणि तयारीला लागले.

आधी भाषा. त्यांनी मोबाइलवर ऐकून ऐकून थोडे शब्द घोटले. सकाळी वॉचमनला "दोब्री देन!" म्हणजे नमस्कार. वॉचमन युपीचा. त्याला वाटलं, काका काहीतरी द्यायला सांगतायत. तो रोज खिसे चाचपायचा. पण खरी गंमत झाली ती मासेवालीशी. त्या भाषेत नाहीला 'ने' म्हणतात आणि होला 'आनो'. काकांनी ठरवलं, घरात हो-नाही त्याच भाषेत म्हणायचं.

मासेवाली दारात पाटी उतरवून म्हणाली, "पापलेट ताजं हाय. देऊ?"

"ने."

"कुठं नेऊ?"

"अगं, ने म्हणजे नाही!"

"आन् हो म्हनायचं असंल तर?"

"आनो."

"आनलंय की हे! आनी काय आनू?"

शेवटी काकांनी पापलेट घेतलं. दुसरा मार्गच नव्हता.

मग थंडी. प्रागला थंडी असणार आणि काकांकडे एसी नाही. तेव्हा ऐन मे महिन्यात एका दुपारी ते लोकरीचा कोट, मफलर, कानटोपी अशा अवतारात आमच्या दारात आले. "मनू, तुमच्या बेडरूममध्ये थोडा वेळ बसू का? सवय करायचीय." आत समीर बनियनवर झोपला होता. त्याला जाग आली तेव्हा पायाशी खुर्चीत कानटोपी घातलेला माणूस एसीच्या झोतात डोळे मिटून बसलेला. समीर जो ओरडला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. काका शांतपणे म्हणाले, "जावईबापू, अजून दोन डिग्री कमी करा."

आणि नकाशा! तो त्यांना इतका पाठ होता की बसल्या जागी घडाघडा सांगायचे, कुठून वळलं की काय लागतं. एका संध्याकाळी मला म्हणाले, "चल, तुला प्राग दाखवतो." आम्ही गोखले रोडला आलो.

"हा पूल. आत्ता आपण पुलावर आहोत. खाली नदी." खाली गटाराचं काम चाललं होतं. "दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे. हा समोरचा बघ. याच्या पायथ्याला हात लावला की माणूस पुन्हा या शहरात येतो म्हणतात." समोर उसाच्या रसाची गाडी होती. काकांनी पुढे होऊन त्या चरकाला भक्तिभावाने हात लावला.

"हाफ की फुल?" रसवाल्याने विचारलं.

आम्ही पुलावर उभे राहून एकेक फुल प्यायलो.

निघण्याआधी टूर कंपनीने दादरला एका हॉलमध्ये सगळ्या प्रवाशांची ओळखसभा ठेवली होती. काकांनी मला बरोबर नेलं. टूर मॅनेजर तरुण, हसतमुख मुलगा. पण काका उभे राहिले आणि त्याचं हसू हळूहळू मावळत गेलं. चौकातल्या जुन्या घड्याळातून तासाच्या ठोक्याला बाहुल्या निघतात, तर आपण ठोक्याआधी पोचणार की नंतर? बसच्या कुठल्या बाजूने किल्ला दिसेल? पुलावर सकाळी गर्दीच्या आधी जाता येईल का? त्या दिवशी नाश्ता उशिरा ठेवता येईल का? मॅनेजर प्रत्येक प्रश्नाला "बघू, सर" म्हणायचा आणि काका प्रत्येक वेळी "गाफील राहून चालत नाही" म्हणून खाली बसायचे. लगेच पुन्हा उठायचे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला. "मी एक विचारू काय? तिथे मासे मिळतात?"

सगळे हसले. साठीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, हातात पर्स घट्ट धरून बसलेल्या बाई. त्या डिलाईल रोडच्या परबबाई. मुलांनी हट्टाने सहलीला पाठवलेल्या, ओळखीचं कुणी नाही, त्यामुळे भेदरलेल्या. मॅनेजरच्या आधी काकाच मागे वळले.

"मिळतात. पण गोड्या पाण्यातले. आपल्या तोंडाला नाही लागायचे."

"मग मी आपला सुका जवळा घेते बरोबर," परबबाई म्हणाल्या, आणि त्या सभेत पहिल्यांदा काकांना कुठलाच प्रश्न सुचला नाही.

काका प्रागला निघाले. अख्खी बिल्डिंग खाली सोडायला. आणि परत आले ते अंगात गाव भरूनच. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मिसळ मागवून काकांनी सगळ्यांना प्राग सांगितलं. घड्याळाखाली जमलेली गर्दी, ठोका पडताच उघडणाऱ्या त्या छोट्या खिडक्या, पुलावरचं धुकं, किल्ल्यातल्या चर्चच्या रंगीत काचा. बायका तोंडात बोटं घालून ऐकत होत्या. समीरसुद्धा मिसळ विसरला.

"फोटो दाखवा ना, काका," कुणीतरी म्हणालं.

"फोटो काढत बसलो असतो तर बघितलं कधी असतं?" काका म्हणाले. हे त्यांना इतकं शोभून दिसलं की कुणी पुढे विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी बेल वाजली. दारात परबबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा, आणि जिना चढून लागलेला दम.

"प्रधानसाहेब नाहीत काय? कुलूप आहे."

काका बाजारात गेले होते. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. "पायाला काय झालं हो?"

"म्हणजे? त्यांनी सांगितलं नाय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, पहिल्याच सकाळी घसरले मी त्या दगडांवर. घोटा मोडला. तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. सगळे भोवती जमून अरेरे म्हणाले, आणि मग एकेकजण हळूच घड्याळ बघायला लागला. त्यांचं तरी काय चुकलं? एवढ्या लांब आलेली माणसं. मॅनेजर बिचारा सकाळ-संध्याकाळ यायचा, पण त्याच्यामागे अख्खा ग्रुप. तेव्हा हे पुढे आले. म्हणाले, मी थांबतो यांच्याजवळ, माझं सगळं बघून झालंय."

"बघून झालंय?"

"मला वाटलं, आधी कधी येऊन गेले असतील. परत निघायच्या दिवशी मॅनेजरने सांगितलं, पहिल्यांदाच आलेत म्हणून. रडायलाच आलं मला."

माझ्या डोळ्यांसमोर ती मिसळीची सभा.

"सबंध सहल माझ्या खाटेजवळ बसून होते," परबबाई सांगत होत्या. "मला भाषेचं अक्षर कळेना. ते नर्सशी काहीतरी बोलायचे, ती पोट धरून हसायची, पण पाणी आणून द्यायची. आणि मग मला सांगत बसायचे, आता आपण अमुक चौकात आहोत, आता टेकडी चढतोय, दमलात तर सांगा. सगळं गाव मला खाटेवर फिरवून आणलं. बोलत होते, बोलत होते. प्रागचं संपलं तर आईचं सांगायचे, ऑफिसातलं सांगायचे. मी म्हटलं, एवढं साठवून ठेवलेला माणूस! घरी बोलायला कोण नाय काय यांच्या?"

इतक्यात जिन्यात पावलं वाजली. काका भाजीची पिशवी घेऊन वर आले आणि माझ्या उघड्या दारातून परबबाई दिसताच जागच्या जागी थबकले. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही जिना चढून आलात? त्या पायावर? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"काका," मी म्हटलं, "खरंच काहीच बघितलं नाहीत?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. एक कांदा घरंगळत माझ्या सोफ्याखाली गेला. तो काढायच्या निमित्ताने ते खाली वाकले आणि तिथूनच बोलले.

"बघितलं ना. हॉस्पिटलच्या खिडकीतून एक कळस दिसायचा. कुठल्या चर्चचा ते मात्र काही केल्या ओळखता आलं नाही."

"मग आम्हाला एवढं सगळं सांगितलंत ते?"

"खोटं कुठे सांगितलं? ते सगळं तिथे आहेच. कुणी हलवलेलं नाही." कांदा हातात घेऊन काका उठले. "आणि खरं सांगितलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, एका बाईच्या पायी काकांची सहल फुकट गेली. तसं नव्हतं ते. फुकट नाही गेली."

परबबाईंनी पदराने डोळे पुसले आणि डबा पुढे केला. "तिसऱ्यांचं सुकं आहे. आणि आज जेवायला माझ्याकडे यायचं. सुनेने सांगून पाठवलंय, त्यांना घेतल्याशिवाय येऊ नका."

काका गडबडले. घरात कुकर लावायचाय म्हणाले, शर्ट बरा नाही म्हणाले. परबबाई काठी टेकून बसून राहिल्या. अखेर काका शर्ट बदलून आले. परबबाईंना जिन्यावरून एकेक पायरी उतरवून घेऊन गेले. खाली टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

परतले ते दिवेलागणीला. मी दारातच होते.

"काय काका, झालं जेवण?"

"जेवण? अगं, लांबलचक पंगत. मुलगे, सुना, नातवंडं, शेजारची दोघं-तिघं. आणि सगळे एकाच वेळी बोलतात. मी प्रागचं सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी ताटात काहीतरी वाढतं. म्हणतात, ते नंतर, आधी खा." काकांनी खिशातून किल्ली काढली. "एक शब्द बोलू दिला नाही गं मला."

हे सांगताना ते हसत होते. कुलपाला किल्ली लावली, आणि ती न फिरवताच माझ्याकडे वळले.

"गुरुवारी पुन्हा बोलावलंय," ते म्हणाले.