गोष्टींचे खण आणि दिगूअण्णा

माझा पाय मोडला तेव्हा शेजारचे दिगूअण्णा भेटायला आले. पाय कसा आहे ते त्यांनी विचारलंच नाही. कसा मोडला, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मांजरानं दूध सांडलं, सुनेनं ते पुसलं, ओलं फडकं उंबऱ्यात राहिलं, त्यावरून मी घसरले, पडले ती तुळशीच्या कुंडीवर, कुंडीही फुटली.

अण्णांचे डोळे चमकले. "साखळीची गोष्ट, अक्का! अस्सल! फक्त शेवटी कुंडीनं मांजराला जाब विचारायला हवा."

"तो मी विचारला," मी म्हटलं. "लाटणं फेकून."

"सरी, सरी," असं कानडीत म्हणत ते खुशीत घरी गेले. आणलेली केळी परत घेऊन गेले, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आम्ही बंगळूरच्या मल्लेश्वरममधली जुनी मराठी माणसं. अण्णांची सारी नोकरी सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. नट नटांच्या खणात, बोल्ट बोल्टांच्या खणात. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, खण काही सुटले नाहीत. लहानपणी ऐकलेल्या ढीगभर गोष्टी त्यांना पाठ होत्या. त्या त्यांनी खणांत लावल्या. कोल्ह्या-करकोच्याच्या वेगळ्या, भुतांच्या वेगळ्या, राक्षसांच्या वेगळ्या. कावळा काळा का, समुद्र खारट का, अशा 'का'च्या गोष्टींचा खण निराळा. व्रताच्या कहाण्या सगळ्यांत वरच्या खणात, सोवळ्यातल्या.

गोष्टी लावून झाल्या, मग ते माणसांकडे वळले. कोणी काही सांगायला लागलं की यांचं सुरू, "थांबा, ही कोणत्या खणातली?" माझ्या वहिनीनं सोळा सोमवार केले तरी गुडघे दुखायचे थांबले नाहीत, असं मी एकदा म्हणाले. अण्णा म्हणाले, "कहाणीला शेवटी फळ लागतं, अक्का. फळ नाही ती कहाणी नव्हे, तक्रार."

वरच्या मजल्यावर पुण्याचा एक मुलगा भाड्यानं राहतो. त्याचा मॅनेजर त्याला छळतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "राक्षसाची गोष्ट. राक्षसाचा जीव राक्षसात नसतो, पोपटात असतो. तुमच्या मॅनेजरचा पोपट शोधा."

"पोपट अमेरिकेत आहे, अण्णा," मुलगा म्हणाला. "क्लायंट म्हणतात त्याला."

इथवर गंमत होती. पण अण्णांच्या मुलानं, सुहासनं, चांगली नोकरी सोडून मित्राबरोबर धंदा काढला आणि तो बुडाला. दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे जमलो होतो. कसं कसं झालं ते सुहास खाली मान घालून सांगत होता. त्याचं बोलणं संपलं आणि अण्णा सवयीनं म्हणाले, "ही मूर्खांच्या खणातली."

सुहासनं हातातली चकली ताटात ठेवली आणि उठून गेला. इथंच, महादेवपुऱ्याला राहतो. मेट्रोनं येता येतं, पण तो येत नाही आणि अण्णांचा फोनही उचलत नाही.

मुलगी माया मात्र अमेरिकेहून रोज फोन करायची. तिच्या मुलीची, ईराची, तिकडं झोपायची वेळ झाली की इकडं आपली सकाळ असते. माया म्हणायची, "अण्णा, तिला एक गोष्ट सांगा. तिचं मराठी सुटत चाललंय. परवा मला म्हणाली, आई, मी आंघोळ घेते." अण्णा गोष्टींचे प्रकार सांगायचे. गोष्ट सांगायचे नाहीत. "संध्याकाळी सांगतो." आपल्या संध्याकाळी ईरा शाळेत निघालेली असायची.

शेवटी माया चिडली. "जगाला गोष्टी वाटता आणि नातीला एक देता येत नाही? राहू दे. आता फोन नको आणि गोष्टही नको." तिनं खरंच फोन बंद केला.

हे कळलं तेव्हा काठी टेकत मी अण्णांकडं गेले. "एक पोरगं घालवलंत, आता दुसरं घालवताय?" मी म्हटलं.

"अक्का, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

मला हसू आलं. ही म्हण मलाही ठाऊक आहे. कामं पडलेली असताना पोरं गोष्टीसाठी पदर ओढतात, म्हणून कुण्या शहाण्या बाईनं काढलेली ती युक्ती आहे. मी तसं म्हणालेही. "आणि तुम्ही तर यंत्रांच्या कारखान्यातले. ही असली भीती कुठल्या खणातली?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ईराचा मामा म्हणजे आमचा सुहासच ना."

मी काठी बाजूला ठेवली आणि बसले.

मग म्हटलं, "तिकडं रात्र असते की नाही?"

"असते."

"मग गोष्ट दिवसा कुठं झाली?"

अण्णा ताठ बसले. "रात्र ऐकणाऱ्याची धरायची, की सांगणाऱ्याची?"

"पोर अंथरुणात शिरलं की रात्र. गोष्ट त्याच्यासाठीच असते."

त्यांनी बराच विचार केला. "स्वल्प बरोबर आहे," म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच पुष्कळ. मग मायाला मीच फोन लावला आणि तिचा राग ऐकून घेतला.

आता रोज सकाळी ईराला गोष्ट मिळते. मी कॉफी घेऊन तिथंच बसते. ऐकायला म्हणून नव्हे, सगळ्या मला येतात. पहिल्या दिवशी ईरा संगणकाच्या पडद्यावर पांघरूण ओढून तयार दिसत होती, तरी अण्णा फोनशी खुडबूड करत बसले. मला वाटलं, पुन्हा टाळताहेत. मी मान वाकडी करून पाहिलं. ते सुहासला घराचं लोकेशन पाठवत होते. ज्या घरात तो जन्मला, त्या घराचं.

"त्याला रस्ता माहीत आहे, अण्णा," मी म्हटलं.

"माहीत असणारेच चुकतात, अक्का. रात्र ऐकणाऱ्याची धरली, पण मला पुरती खात्री नाही."

तेव्हापासून रोज हेच. लोकेशन जातं. अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाट बघतात. थोड्या वेळानं त्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर येत नाही.

पलीकडून ईरा म्हणते, "आजोबा, सांगा ना."

"सांगतो. पोचला बघ मामाला निरोप," म्हणतात, आणि गोष्ट सुरू करतात.