टेकडीच्या तीन वाटा

टेकडीवर जायला तीन वाटा होत्या आणि कोणी कोणत्या वाटेने जायचं, हे भाऊसाहेब ठरवणार होते. पाणीपुरवठा कचेरीतले हे हेडक्लार्क. "माणूस चुकेल, माझी यादी चुकायची नाही!" असं ते छातीठोकपणे सांगत. कचेरीची सहल त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी आधी फॉर्म काढला. वय, वजन, आणि शेवटी ठळक अक्षरांत: चढताना दम लागतो का?

मोठ्या साहेबांनी "मुळीच नाही" लिहून सही ठोकली. ते पाहून भाऊसाहेबांनीही तेच लिहिलं. निवृत्तीला सात महिने उरलेल्या टायपिस्ट बाईंनी मात्र सरळ "हो" लिहून टाकलं. झालं! बाई सोप्या वाटेवर, बाकीची मंडळी मधल्या, आणि कड्याच्या अवघड वाटेवर दोघंच, साहेब आणि भाऊसाहेब.

अर्ध्या तासात दोघांचे भाते झाले. बोलणं बंद, नुसती फुसफुस! शेवटी वाट एका कपारीवर येऊन चिंचोळी झाली.

"भाऊसाहेब, पुढे व्हा."

"छे, साहेब! तुमच्या आधी मी कसा?"

हा मानपान चालू असताना साहेबांच्या टाचेखालचा दगड निखळला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. मग दोघंही पाकिटाला तिकीट चिकटावं तसे कड्याला चिकटले. सकाळी बायको "जपून जा" म्हणाली, तेव्हा आपण साधं वळूनही पाहिलं नाही, एवढंच भाऊसाहेबांना आठवत राहिलं.

"वाचवा!" साहेब ओरडले. भाऊसाहेबांनी खालच्या आवाजात अनुमोदन दिलं.

थोड्या वेळाने वरून एक चेहरा डोकावला. टायपिस्ट बाई! सोप्या वाटेने त्या केव्हाच माथ्यावर पोचल्या होत्या. त्या पोटावर आडव्या झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खाली बघायचं नाही. मी सांगते तेवढंच करा. डावा पाय मागे, स्वल्पविराम. उजवा हात त्या खाचेत, पूर्णविराम. आता श्वास घ्या. नवा परिच्छेद."

वीस वर्षं साहेबांनी मजकूर सांगितला होता आणि बाईंनी उतरवून घेतला होता. आज साहेबांनी एकही दुरुस्ती न सुचवता बाईंचा शब्द न् शब्द पाळला. मागोमाग भाऊसाहेबही रांगत माथ्यावर आले.

"बाई, तुम्हाला ही कपार कशी ठाऊक?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हे गेल्यापासून दर रविवारी येते. घरात बसवत नाही."

नऊ वर्षं भाऊसाहेब बाईंच्या टेबलाला टेबल लावून बसले होते. रविवारी बाई काय करतात, हे कधी विचारलंच नव्हतं.

"मग फॉर्मवर लिहायचं नाही का?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"तुम्ही दम लागतो का, एवढंच विचारलं होतंत. लागतो की! लागला की बसते, मग पुन्हा चढते."

उतरताना सगळे सोप्या वाटेने निघाले. बाई पुढे, साहेब मधे, भाऊसाहेब शेवटी. बाईंना वाटेत दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा भाऊसाहेबांसाठी.