उलट्या बोंबांचा तपास

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. मला बघून गुन्हेगार गल्ली बदलतात," असं आमचे डिटेक्टिव्ह दाजी स्वतःबद्दल सांगतात. त्यांच्याच साखरेच्या डब्यात मुंग्या पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदताहेत, ते असो. मी त्यांचा मेहुणा आणि बिनपगारी सहायक. आमच्या घरच्यांनी बहीण दिली, वर मलाही दिलं.

त्या दुपारी ताई इंग्रजी पेपर घेऊन आली. ती इस्पितळात नर्स. वशिल्याच्या पोरींना दिवसपाळी आणि बाकीच्यांना कायमची रात्रपाळी, म्हणून तिने तक्रार केली होती. संध्याकाळी सगळ्यांच्या वतीने मेट्रनबाईंसमोर तिलाच बोलायचं होतं. पेपरात मथळा होता, 'नर्सेस क्राय फाउल'. बातमी आतल्या पानावर, आणि ते पान वॉर्डात कुणाच्या तरी डब्याला गुंडाळलं गेलेलं.

"हे आमच्या बाजूने आहे की विरुद्ध?" तिने विचारलं.

"डिक्शनरी बघू?" मी म्हटलं.

"डिक्शनरी म्हणजे खबऱ्या. खबऱ्यावर विसंबला तो डिटेक्टिव्ह संपला!" दाजींनी भिंग काढलं. मथळा समोरच्या बिल्डिंगमधूनही वाचता आला असता. "मूळ जहाजावरचं दिसतंय. धुक्यात खलाशी आरोळ्या द्यायचे... छे, कोर्टातलं! आरोपी ओरडतो, 'मी नाही, मी नाही!' सापडलं! जो ओरडतो तोच गुन्हेगार. क्राय फाउल म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!"

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्हीच चोर? मग मी नाही जात. घेते तक्रार मागे."

मला फार वाईट वाटलं. दाजींना नाही. ते खुशीत त्यांच्या आईंबरोबरचा अर्धवट कॅरमचा डाव खेळायला बसले. आईंनी चष्मा पुसायला काढला तेवढ्यात दाजींच्या करंगळीने राणी हळूच पॉकेटकडे सरकवली.

"फाउल!" ताई कडाडली.

आईंनी चष्मा चढवला. "सूनबाई, लबाडी कुणी केली?"

"ह्यांनी."

"आणि ओरडलं कोण?"

"मी."

"मग चोर कोण? अगं, खेळात कुणी नियम मोडला की 'फाउल' म्हणून ओरडतात. तेच पुढे खेळाबाहेर गेलं. कुठेही अन्याय झाला की ओरडायचं. पेपरवाले तेवढंच म्हणताहेत."

ताईने पर्स उचलली.

"बघितलंस?" दाजी मला म्हणाले. "गुन्ह्याचं प्रात्यक्षिक केल्याशिवाय केस सुटत नाही."

ताई दारातून वळली. "राणी मधे ठेवा. आणि दंडाची सोंगटीही."

दाजींनी निमूटपणे खिशात हात घातला. तिथे तीन निघाल्या.