पत्रकातला सातवा नियम

हिवाळ्यात ट्रक सुखरूप कसा चालवावा, हे आमच्या ह्यांना मी शिकवलं. मला स्वतःला स्कूटीसुद्धा येत नाही. पण सल्ला द्यायला लायसन लागत नाही.

आमचे हे, म्हणजे रणधीर, मुरुमच्या बाजारातून तूर भरून पुण्याकडं नेतात. जानेवारीत कुणीतरी ट्रकचालकांसाठी शिबिर घेतलं. तिथून हे एक कानटोपी आणि एक पत्रक घेऊन आले. टोपी डोक्यात घातली आणि पत्रकावर भुईमुगाची टरफलं टाकली.

मी टरफलं झटकून पत्रक वाचलं. त्याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात ह्यांचा एक सोबती धुक्यात उभ्या ट्रॅक्टरवर आदळून पाय मोडून घरी बसला होता. तेव्हापासून ह्यांची गाडी दारातून हलली, की माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पत्रकात सात नियम होते. नवरा वाचणार नाही, पण ऐकेल तरी! म्हणून आरोही झोपली, की मी एकेक नियम माझ्या आवाजात पेनड्राइव्हवर भरत गेले. आरोही आमची आठ महिन्यांची लेक. ती घड्याळ लावल्यासारखी वीस मिनिटं झोपते, त्यामुळं सहा नियमांना तीन दिवस लागले. सातवा मी गाळला. तो कुणा आळशी माणसानं लिहिलेला वाटला.

घरात अगदी तसाच दुसरा पेनड्राइव्ह होता. त्यात मी गायलेल्या अंगाया. त्या लावल्याशिवाय आरोही डोळा मिटत नाही. अदलाबदल नको म्हणून मी ट्रकच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला आणि दोन्ही फळीवर ठेवले. आता चूक होणं शक्यच नव्हतं.

पहाटे पाचला दोरा चाचपून पेनड्राइव्ह ह्यांच्या हातात दिला.

"काय आहे ह्यात?"

"जीव वाचवायचं सामान. गाडी रस्त्याला लागली, की लावा."

"म्हणजे तूच आहेस," असं म्हणून हे गेले.

सहाला आरोही जागी झाली. मी उरलेला पेनड्राइव्ह स्पीकरला लावला, तिला मांडीवर घेतलं, आणि स्पीकर गरजला, "अहो, डोळे उघडा!"

आरोहीनं टक्क डोळे उघडले. बापानं जन्मात पाळली नाही, ती आज्ञा लेकीनं पहिल्या हाकेला पाळली.

चुलीपाशी पेंगणाऱ्या सासूबाई, द्वारकाबाई, दचकल्या. "उघडेच हायती की बाई. चहा गाळायलेय म्या."

"आत्या, तुम्हाला नाही म्हटलं."

"मग अहो कुणाला म्हणलीस? घरात दुसरं हाय कोण?"

"तोंडावर पाणी मारा!" स्पीकर म्हणाला. आत्या पुटपुटत न्हाणीकडं गेल्या.

मी पेनड्राइव्ह उपसून बघितला. त्यालाही लाल दोरा!

"आत्या, हा दुसरा दोरा कुणी बांधला?"

"म्याच," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "एकाला बांधलीस अन् दुसरं उघडंच. पोरीची अंगाई हाय त्यात, तिला नजर लागली म्हंजे?"

"मग ह्यांच्याबरोबर काय गेलं?"

बाहेर धुकं असं, की समोरच्यांचा कडुनिंब गायब. रस्त्यावर आमचा माणूस, पाठीशी ट्रकभर तूर, आणि त्याच्या कानाशी त्याची काळजीवाहू बायको मायेनं गातेय, "मिट गं डोळे, मिट गं राणी."

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. घाबरून आरोही रडायला लागली, म्हणून आत्यांनी तिच्यासाठी पेनड्राइव्ह पुन्हा खुपसला.

"गाडी चालवताना फोन घेऊ नका!" मीच मला दरडावलं.

"बघ, म्हणूनच उचलंना त्यो," आत्या म्हणाल्या. पण त्यांच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

अकरा वेळा फोन लावला. आठला ह्यांचा आला.

"शुभांगी, आरोही बरी आहे ना?"

"तुम्ही कुठं आहात?"

"तामलवाडीच्या अलीकडं, पंपावर. झोपलो होतो."

"गाडी चालवताना?"

"येडी का काय? रात्रभर पोरीनं डोळा लागू दिला नाही. त्यात तुझं गाणं सुरू झालं अन् जांभयाच जांभया. म्हणलं, आता काही खरं न्हाय. गाडी पंपावर घेतली अन् ताणून दिली. आता ऊन पडलंय, रस्ता लख्ख दिसायलाय." मग म्हणाले, "डोकं लई चालवलंस बरं का. मला वाटलं, कटकट भरून दिली असशील."

"छे," मी म्हटलं आणि पदरानं नाक पुसलं.

"दोऱ्याचा गुण," आत्या म्हणाल्या आणि चहा गरम करायला उठल्या.

हे आता तो पेनड्राइव्ह परत देत नाहीत. आरोही उरलेल्यावर भागवते. मी हे लिहितेय, तेव्हा ती "वेग कमी करा"वर झोपलीय, आणि "काच पुसा" आलं, की आत्या उठून खिडकी पुसतायत.

त्या दिवशी मी पत्रक पुन्हा काढलं होतं. सातवा नियम असा: "झोप येत असल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून झोप घ्या."

पत्रक घडी करून शेंगांच्या डब्याखाली ठेवलंय. ह्यांना वाचायची सवय नाही, हे किती बरं.