छतावरची सुटी वस्तू

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून हजारो परिपत्रकं गेली. आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या माणसाला परिपत्रक वाचायचं नसतं, त्यावर शिक्का मारून पुढं सरकवायचं असतं. तेही मी बराबर केलं. आयुष्यात पाळलं असं एकच परिपत्रक, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

गोष्ट २००३ च्या मे महिन्यातली. आमची लेक अंजली पहिल्या बाळंतपणाला आखाडा बाळापूरला आमच्या घरी आली होती. लेकरू बावीस दिवसांचं. आतली माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची खोली बाळंतिणीची, पण दुपारी शेगडीच्या धगीनं ती भट्टीसारखी तापायची. म्हणून दुपारपुरती झोळी बाहेरच्या खोलीत बांधलेली असे. या बाहेरच्या खोलीवर चौदा पत्रे. पत्र्यांना खिळे होते, पण नावालाच. खरा कारभार वर ठेवलेल्या बावीस दगडांचा. (बावीस दिवस आणि बावीस दगड, हा योगायोग मी आमच्या मंडळींना सांगून पाहिला. त्या म्हणाल्या, "तुमाला हापिसात काम नसतं का?")

तर त्या आठवड्यात कार्यालयात एक परिपत्रक आलं. विषय: तुफानी वावटळ व चक्रीवादळ प्रसंगी घरात सुरक्षित राहणेबाबत. मी शिक्का मारता मारता एक ओळ वाचली आणि माझा हात थांबला. 'सदर प्रसंगी निवासस्थानाच्या छतावर कोणत्याही सुट्या, जड व घरंगळणाऱ्या वस्तू ठेवू नयेत.'

सुट्या, जड, घरंगळणाऱ्या. माझ्या डोळ्यांपुढं झोळी आली आणि झोळीच्या बरोबर वरचा तो काळा, नारळाएवढा दगड आला. मला घाम फुटला. खरं सांगतो, आजोबा झाल्यापासून मी फार भित्रा झालो होतो. आधीही होतो, पण तेव्हा कारण नव्हतं.

मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि रविवारी सकाळीच शिडी लावली.

"काय करून राहिलात?" मंजुळाबाई, म्हणजे आमच्या मंडळी, खालून म्हणाल्या.

"दगड काढून राहिलो."

"काहून?"

"वरून हुकूम आला."

"वरून म्हणजे पत्र्यावरून?"

मी त्यांना परिपत्रक वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत्या तर प्रश्नच नव्हता. "दगुड काढल्यावर पत्रे काय देवाच्या भरवशावर ऱ्हातील का?" एवढं बोलून त्या भाकरी थापायला गेल्या. अंजली मात्र बारावी शिकलेली. तिनं ते पान हातात घेतलं.

"दादा, हे पान 'तथापि'वर संपलंय. तथापिच्या पुढं काय?"

"तथापिच्या पुढं काही नसतं," मी शिडीवरून म्हणालो. "सरकारी कागदात तथापि हा शोभेचा शब्द असतो."

मी बावीसही दगड उतरवले. तेवढ्यात शेजारचे किशनराव आले. ते मेंढ्यांच्या वाडग्याची भिंत बांधून राहिले होते आणि त्यांना दगड कमी पडत होते. मी सगळेच देऊन टाकले. घरात संकट नको आणि शेजाऱ्याचं काम पण व्हावं, असा दुहेरी पुण्याचा विचार. किशनरावांनी त्याच दिवशी ते चिखलात बसवूनही टाकले.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी होतो. दुपारी साडेतीनला वारंगा फाट्याकडलं आभाळ मातकट झालं. मी ओट्यावर उभा राहून बघतो तर शिवारातून धुळीचा एक खांबच उभ्यानं चालत येऊन राहिला. त्यात कडब्याच्या पेंढ्या फिरत होत्या, कुणाचं तरी धोतर फिरत होतं. वावटळी आम्ही जन्मभर पाहिल्या, पण एवढी जाड वावटळ मी पाहिली नव्हती.

मी आत धावलो. परिपत्रक तोंडपाठ होतं. दारं-खिडक्या लावल्या आणि मोठ्यानं सूचना दिली, "सर्वांनी मजबूत फर्निचरखाली आश्रय घ्यावा."

आमच्या घरात मजबूत फर्निचर एकच, लोखंडी पलंग. मी त्याखाली घुसलो आणि हाक मारली, "अंजली, लेकराला घेऊन इकडं ये."

मंजुळाबाईंनी केव्हाच लेक आणि नात उचलून माळवदाच्या खोलीत नेली होती. दोन हात मातीचं माळवद, त्याला कुठली वावटळ हलवते. आतून त्यांचा आवाज आला, "तुमी पलंगाखाली काहून घुसले? तिथं कांदे पसरलेत ना."

ते मला तोवर कळलंच होतं. पलंगाखाली वर्षाचे कांदे पसरलेले, आणि मी त्यांच्यावर पालथा. बाहेर निघावं म्हटलं तर पलंगाची दांडी कमरेत अडकली. तेवढ्यात वर पहिला पत्रा वाजला. मग दुसरा. मग ते एकेक करत उठून जाऊ लागले, पंगतीत जेवण झालेली माणसं उठतात तसे. मी मोजत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अकरा मोजले.

पाचेक मिनिटांत सगळं शांत झालं. मंजुळाबाईंनी पलंग उचलून मला काढलं. डोक्यावर स्वच्छ आभाळ होतं. झोळी फाटून आढ्याला लोंबत होती आणि तिच्यात एक पत्र्याचा तुकडा रुतला होता. ती बघितली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेना. किशनराव धावत आले. "भाऊ, रडू नका, पत्रे सापडतील." मी म्हणालो, कांद्याचं आहे. ते अर्धंच खरं होतं. मी आत गेलो तर लेकरू आईच्या कुशीत गाढ झोपलं होतं. मी त्याच्या पायाला हात लावला आणि तिथंच खाली बसलो.

संध्याकाळपर्यंत गावानं पत्रे आणून दिले. एक मेंढ्यांत सापडला, एक शाळेच्या मैदानात, एक तर कळमनुरीच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलला बांधून आणला. परत बसवले. पण पुन्हा वारं सुटायला लागलं आणि वर ठेवायला दगड एकही नाही.

"भिंत वाळली वहिनी, पण पाडतो," किशनराव म्हणाले. "घंटाभर लागंल."

"तवर काय करायचं?" असं म्हणून मंजुळाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी शिडी चढलो आणि पत्र्यांच्या मधोमध मांडी घालून बसलो.

बाजाराहून परतणारी माणसं थांबून बघत होती. त्यांतली मोतीबाई डोक्यावरचं टोपलं सावरत म्हणाली, "मंजुळाबाई, भाऊ वर काय करून राहिले?"

"काई न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "सुटी वस्तू हाय. वर ठिवली."

तेवढ्यात अंजली ओट्यावर आली. तिच्या हातात माझ्या जेवणाच्या पिशवीतली ठेच्याची पुडी होती. उरलेला ठेचा मी कार्यालयात हाताला लागेल त्या कागदात बांधला होता, तो कागद आता तेलानं पारदर्शक झालेला.

"दादा, तथापि सापडलं," तिनं खालून वाचायला सुरुवात केली. "'पत्र्याच्या छपरांवरील दगड व वजने कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत.'"

मी दुसरीकडं बघू लागलो. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि माझ्यासकट पत्रा चार बोटं वर उठून परत खाली बसला. मी दोन्ही हातांनी पत्र्याची पन्हळ धरली. मंजुळाबाईंनी ते पाहिलं आणि वाडग्याकडं तोंड करून सांगितलं, "किशनभाऊजी, पहिला दगुड ह्यांच्या मांडीवर आणून ठिवा. हे एकटे पुरायचे न्हाईत."